अकरा जागी साळुंकी

२ मार्च

बाई,

नमस्कार. आधी ओळख देते. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ज्यांच्या शेजारच्या टेबलावर तुम्ही सोळा वर्षं बसलात, त्यांची मी बायको. ते गेले त्याला आता चौदा महिने होतील. तेव्हा तुम्ही आला होतात. दारातच उभ्या राहिलात आणि तशाच परत गेलात.

फोन करता आला असता. पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि तुमच्याशी बोलताना तर नक्की चढेल. म्हणून लिहिते आहे. तुम्हीही लिहाच. कागद दोनदा वाचता येतो.

काम असं आहे. मी वाचनालय सांभाळते, तिथल्या संगणकाचा प्रोग्राम यांनी लिहिला, हे तुम्हाला ठाऊक असेल. बावीस वर्षं चालला. मागच्या मंगळवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. एरवी मशीन आम्ही कधीच बंद करत नाही. संध्याकाळी पुन्हा सुरू केलं, आणि तेव्हापासून कुणी कुठलं पुस्तक नेलंय ते दाखवत नाही. पुस्तकांची यादी दिसते, वाचकांची दिसते. पण वाचक निवडून 'याच्याकडे काय आहे' असं विचारलं की इंग्रजीत तांबडी ओळ येते. कोश घेऊन अर्थ लावला तो असा: आकडा हवा होता, ल०४१७क आलं, जुळत नाही.

हा प्रोग्राम माझ्याशी आजवर इंग्रजीत बोलला नव्हता. पुस्तक परत यायला उशीर झाला तर 'अजून वाचून होतंय वाटतं' असं म्हणायचा. चुकीचं बटण दाबलं तर 'सावकाश, आपली काही गाडी सुटत नाहीये' म्हणायचा. शब्द यांचेच. हे चौदा महिने मी रोज एकदा तरी मुद्दाम चुकीचं बटण दाबत आले, तेवढ्यासाठी.

आता सचिवांनी ३१ मार्चला मंडळाची सभा बोलावली आहे. त्यांना बाजारातून तयार प्रोग्राम आणायचा आहे. म्हणतात, "घरी केलेलं काम ते, किती दिवस पुरणार?" नव्यामध्ये पुस्तकं जातील, वाचक जातील. बावीस वर्षांत कुणी काय वाचलं ते जाणार नाही, आणि यांचं बोलणंही जाणार नाही. मी म्हटलं, कारखान्यातल्या जाणकार बाईंचं मत मागवते. ते म्हणाले, "लेखी मागवा, सभेत वाचू."

दुसरं कुणी माहीत असतं तर तुम्हाला विचारलं नसतं, हेही सांगून टाकते.

वाचनालयातून,
मी

६ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. दारात उभी राहिले होते खरी. आत घरच्या बायका बसल्या होत्या. आपण कुठल्या रांगेत बसायचं ते मला कळेना.

घाबरू नका. पुस्तकांच्या नोंदी कुठे गेलेल्या नाहीत. झालंय काय ते सांगते.

साधारण प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तूला एक, दोन, तीन असे आकडे देतात. कारखान्यात आम्ही तसं करत नव्हतो. नटबोल्टचा नंबर ४१७ च्या जागी ४७१ लिहिला गेला की भलताच बोल्ट जायचा आणि मशीन उभं राहायचं. म्हणून आम्ही एक वेगळी खूण बनवली. आधी एक अक्षर, मग चार आकडे, शेवटी पडताळणीचं अक्षर. आकडे उलटेसुलटे झाले तर शेवटचं अक्षर जुळत नाही. अशी खूण आम्ही तिथल्या तिथे परत पाठवायचो. तीच पद्धत त्यांनी तुमच्या पुस्तकांना लावली, वाचकांनाही.

आता कुणी पुस्तक नेलं ही नोंद दोन गोष्टींना बांधलेली असते. एक पुस्तक, एक वाचक. या बांधणीला आम्ही नातं म्हणायचो. नात्याच्या प्रत्येक ओळीत सांगावं लागतं की पलीकडच्याची खूण कुठल्या प्रकारची आहे. सांगितलं नाही तर प्रोग्राम धरून चालतो की तो साधा आकडाच असणार. मग समोर ल०४१७क आलं की बिचारा गडबडतो. तुमची तांबडी ओळ हेच म्हणते आहे.

पण बावीस वर्षं नीट चाललेलं काम एका मंगळवारी आपोआप असं बिघडत नाही. फाईलला कुणी हात लावला होता का? नात्यांची फाईल छापून मला पाठवा. मशीनवर 'नाती' नावाने सापडेल.

तब्येतीला जपा.

तुमची,
स्टोअरमधली सहकारी

१० मार्च

बाई,

फाईल छापून पाठवते आहे. चार पानं आहेत. तिला कुणी हात लावलेला नाही. त्या मशीनवर यांच्यानंतर माझ्याशिवाय कुणी बसत नाही.

तुम्ही पत्रात 'आम्ही' असं चार वेळा लिहिलंत. मी मोजलं. आणि मला वहिनी लिहिलंत. म्हणजे ते तुमचे भाऊ झाले. तसं असेल तर बरंच आहे.

तुम्हाला तिकडे साळुंकी म्हणायचे, हे मला माहीत आहे. तुमची अखंड बडबड असायची म्हणून. घरी हे तुमचं खरं नाव घेत नसत. जेवायला बसले की "आज साळुंकी काय म्हणाली..." आणि पुढचं बोलायच्या आधीच हसत सुटत. मी विचारायचे, अहो, पण म्हणाली काय? तर म्हणायचे, "जाऊ दे, ते तिथे असल्याशिवाय कळत नाही." मी तिथे नव्हते, ही गोष्ट खरी आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नीट वाचायला मी लग्नानंतर शिकले, तेही आपली आपण. शनिवारी वाचनालय बंद असतं. हे तिथे प्रोग्राम लिहीत बसायचे आणि मी समोरच्या टेबलावर पुस्तक घेऊन. एखादा शब्द अडला तर तसाच ओलांडून पुढे जायचे. दहा पानांनी तो पुन्हा भेटायचा, तेव्हा थोडा ओळखीचा वाटायचा. यांना विचारलं नाही. अडाणीपणा दिसेल असं वाटायचं. ते काय लिहितात तेही कधी विचारलं नाही. वाटायचं, हे सांगतील आणि मला कळणार नाही. मग तिथे साळुंकी असती तर तिला कळलं असतं, असं त्यांच्या मनात येईल.

इकडे वाचकांचे हाल चालले आहेत. एक निवृत्त नर्स येतात, त्यांना फक्त खुनाच्या गोष्टी लागतात. कुठल्या वाचल्या ते त्यांच्या लक्षात राहत नाही, प्रोग्रामच सांगायचा. परवा त्या एकच पुस्तक तिसऱ्यांदा घेऊन गेल्या. परत आणताना म्हणतात, "खून कुणी केला ते आठवत होतं, पण तरी मला त्या डॉक्टरचाच संशय येत राहिला."

सभेला तीन आठवडे आहेत. तुमचं मत लवकर पाठवा.

वाचनालयातून,
मी

१४ मार्च

वहिनी,

चारही पानं पाहिली. बिघाड सापडला.

तुमच्या प्रोग्राममध्ये अकरा नाती आहेत. नोंद आणि पुस्तक, नोंद आणि वाचक, पुस्तक आणि कपाट, अशी. अकराच्या अकरा ओळींत खुणेचा प्रकार लिहिलेलाच नाही. म्हणून प्रोग्राम सगळीकडे आकडा शोधतो आहे. मला आठवतं त्याप्रमाणे पूर्वी या ओळींत प्रकार होता. पण इतकी वर्षं झाली, छातीठोकपणे सांगत नाही.

वीज आणि बिघाड यांचा संबंध एवढाच, की चालू असलेला प्रोग्राम फाईलमधला बदल बघत नाही. बंद होऊन पुन्हा सुरू झाला की मगच फाईल नव्याने वाचतो. म्हणजे मंगळवारी बिघाड झाला नाही, दिसला. झाला त्याच्या आधीच कधीतरी. शेवटच्या महिन्यांत त्यांनी फाईल आवरायला घेतली असेल आणि आजारपणात काम अर्धवट राहिलं असेल, असं मला वाटतं.

सचिवांसाठी वेगळा कागद जोडला आहे. त्यात लिहिलंय की प्रोग्राम भक्कम आहे, मूळ लेखकाकडून अखेरच्या काळात अकरा ओळी अपुऱ्या राहिल्या, आणि दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. एवढ्यावर सभेचं समाधान व्हावं.

दुरुस्ती तुम्हालाच करता येईल. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन प्रकाराचं नाव टाइप करायचं. नाव प्रकाराच्या फाईलवर आहे, तिथे बघून घ्या. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू करा.

'आम्ही' लिहायची सवय आहे, राग नसावा. वहिनी म्हणू नये असं वाटत असेल तर काय म्हणू ते कळवा.

तुमची,
स्टोअरमधली सहकारी

१८ मार्च

बाई,

तुमचा तो कागद मी सचिवांना दिलेला नाही आणि देणारही नाही.

त्या ओळी मी खोडल्या.

जानेवारीत यांना जाऊन वर्ष झालं. घरात चार दिवस माणसं होती, ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडलं, कुणी आलेलं नव्हतं. म्हटलं, यांनी लिहिलेलं एवढं इथे आहे, आणि मी जगभरचं वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीकसुद्धा सोडत नाही. मग यांचंच का नाही वाचलं? म्हणून फाईली उघडल्या आणि पुस्तक वाचतात तशा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दहातला एखादा शब्द कळत होता. तरी बरं वाटत होतं. एके ठिकाणी यांनी टीप लिहिली होती, 'इथे सकाळी पुन्हा बघणे', आणि खाली, 'बघितलं'.

मग नात्यांची फाईल आली. इंग्रजी अक्षरांत साळुंकी. खालच्या ओळीत पुन्हा साळुंकी. अकरा वेळा. मग मी सगळ्या फाईलींत माझं नाव शोधलं. शोधायची सोय असते ना, तीत टाकलं. शून्य आलं.

पहिली ओळ खोडताना दोनदा थांबले. पाचव्या ओळीपासून बरं वाटायला लागलं, खोटं कशाला सांगू? अकरावी खोडून झाल्यावर मी चहा करून प्यायले. प्रोग्राम काही बोलला नाही, काम चालू राहिलं. मला वाटलं, बघा, बाईसाहेब तिथे नुसत्या मिरवायला बसल्या होत्या. तुमच्या नावाची ती एक वेगळी फाईल आहे तीही पुसणार होते. पण तिच्यात यांच्या टिपा होत्या म्हणून राहिली.

मंगळवारी बिघडलं तेव्हा त्या अकरा ओळी आठवल्या. पण मधे सहासात आठवडे नीट चाललं होतं, तेव्हा याचा त्याचा काय संबंध, अशी समजूत घातली. तुम्ही सरळ विचारलंत तेव्हा नाही म्हणून लिहिलं. ते खोटं मी पचवलंही असतं. पण तुमच्या कागदाने चूक यांच्या नावावर गेली. बाई, ते माणूस शर्टाची बटणं लावून झाली की वरून खाली एकदा मोजायचं. अकरा ओळी अपुऱ्या ठेवून जाणारं नव्हतं. त्यांच्यावर ढकलून मी सुटले, तर पुन्हा त्या खुर्चीवर बसू कशी?

सभेत मी स्वतः सांगणार आहे. सचिवांना मग म्हणता येईल की जो प्रोग्राम कुणीही येऊन खोडू शकतं तो ठेवायचा कशाला. म्हणोत. गेला तर जाईल, पण यांच्या चुकीने गेला असं होणार नाही.

तुम्ही दोन्ही पत्रांत त्या प्रकाराचं नाव लिहायचं टाळलंत. ते माझ्या लक्षात आलं आहे. म्हणून विचारते. ते नाव यांनी का ठेवलं? खरं लिहा. मी विधवा आहे म्हणून गोड करून लिहू नका.

मी

२२ मार्च

वहिनी,

ते नाव त्यांनी ठेवलेलं नाही. मी ठेवलं.

तुमचं वाचनालयाचं काम नवीन होतं तेव्हाची गोष्ट. पडताळणीचं अक्षर नीट येत नव्हतं, म्हणून एका सोमवारी ते सगळं डिस्कवर घेऊन आले. जेवणाच्या सुट्टीत मी बसले आणि चूक काढली. त्यांनी प्रकाराला नाव दिलं होतं, 'पुस्तकखूण'. मी ते खोडलं आणि साळुंकी लिहिलं. मग नात्यांच्या फाईलमध्ये अकरा ठिकाणी तेच. वरवर गंमत म्हणून. खरं कारण असं की तो प्रोग्राम तुमच्यासाठी होता, आणि त्यात कुठेतरी मला राहायचं होतं.

त्यांना आठवड्याने कळलं. हसले. मी म्हटलं, बदलून टाका हवं तर. म्हणाले, "अकरा ठिकाणी बदलत बसलो तर शनिवार त्यातच जाईल. शनिवारी ती वाचायला बसते." त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

तुम्ही लिहिलंत की घरी साळुंकीचं काय काय चालायचं. इकडे दर सोमवारी तुमचं चालायचं. तुम्ही कुठल्या पानावर हसलात, कुठल्या पानावर पुस्तक मिटून बाहेर बघत बसलात. एकदा म्हणाले, "परवा ती एका शब्दावर अडली होती. मी टाइप करायचा थांबलो, म्हटलं आता विचारेल. नाही विचारलं. काढला तिचा तिनेच." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की मी उठून स्टोअरच्या आत गेले आणि उगाच बोल्ट मोजत बसले. म्हणजे तुमचा अडाणीपणा त्यांना दिसत होता असं नाही. त्यांना दुसरंच काही दिसत होतं, आणि ते मला सोळा वर्षं ऐकावं लागलं.

तुम्हाला वहिनी म्हणते. त्यांना मात्र कधी भाऊ म्हटलं नाही, मनातही नाही. त्यांना ते कळलं होतं की नाही मला माहीत नाही. कळलं असलं तर त्यांनी तसं दाखवलं नाही. घडलं काहीच नाही. दोन टेबलं शेजारी शेजारी होती, एवढंच.

आणि एक. ओळी तुम्ही खोडल्यात हे मी छापील पानं बघताच ओळखलं होतं. माणूस एखादी ओळ विसरतो, दोन विसरतो. अकराच्या अकरा कुणी विसरत नाही. तरी मी त्यांच्यावर घातलं. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही का खोडल्या तेही निघालं असतं, आणि मग ते नाव तिथे कुणी घातलं तेही. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून त्याच्यावर टाकलं. तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या.

नाव बदला. प्रकाराच्या फाईलमध्ये एकदा आणि नात्यांमध्ये अकरा वेळा. तुमचं घाला. प्रोग्रामला कुठलंही चालतं. दोन्हीकडे एकच असलं म्हणजे झालं.

साळुंकी

१ एप्रिल

बाई,

काल सभा झाली. आधी दुरुस्तीचं सांगते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर बसले आणि तुम्ही म्हणालात तसं माझं नाव घातलं, बाराही ठिकाणी. सुरू केलं तर चालायला लागलं. नर्सबाईंचं पान उघडलं. तीनशे सहा खुनाच्या गोष्टी, तारखांसकट. एक प्रत छापून त्यांना दिली, तर म्हणतात, "एवढे खून मी पचवले?"

मग माझ्या नावाकडे बघत बसले. आनंद व्हायला हवा होता. पण यांनी ते तिथे घातलं नव्हतं. मी घातलं होतं. तुमचंही तुम्हीच घातलं होतं. यांनी ठेवलं होतं ते साधं, 'पुस्तकखूण'. माझं काढून तेच परत घालावं असं वाटलं. पण तुम्ही बदलल्यावर यांनी ते राहू दिलं, कारण काहीही असो. त्यांनी ज्याला वीस वर्षं हात लावला नाही त्याला मी का लावू? म्हणून पुन्हा बसले आणि प्रकाराच्या फाईलमध्ये एकदा आणि नात्यांमध्ये अकरा वेळा साळुंकी टाइप केलं. भातात खडा लागावा तसं प्रत्येक वेळी लागलं. सातव्या ओळीत तर अक्षरं चुकली, पुन्हा करावी लागली. मुद्दाम चुकवली असंही म्हणा.

सभेत सचिवांनी तुमचं मत मागितलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, मत असं आहे की प्रोग्रामात चूक नव्हती. अकरा ओळी मी खोडल्या होत्या, त्या परत लिहिल्या आहेत, आता चालतो. सचिव म्हणाले, "पण खोडल्या कशाला?" मी म्हटलं, जळफळाटाने. ते म्हणाले, "कशाचा जळफळाट?" मी म्हटलं, ते इतिवृत्तात घ्यायची गरज नाही. मागून नर्सबाई म्हणाल्या, "अहो सचिव, तुमचं लग्न झालंय ना?" तेव्हा हशा पिकला.

प्रोग्राम एक वर्ष ठेवायचं ठरलं. फाईलींची एक प्रत सचिवांच्या कपाटात बंद राहील. माझ्यापासून सांभाळायला, असं त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

आता तुमचं. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल असंही नाही. तुम्ही लिहिलंत त्यातलं एक मात्र मी रोज वाचते, ते टाइप करायचे थांबले होते ते. त्या वेळी मी समोर होते, पण माझी मान खाली पुस्तकात होती. म्हणजे माझाच शनिवार मला तुमच्याकडून कळला. याचाही राग आला आहे.

असे आणखी किती आहेत तुमच्याकडे? सोळा वर्षांचे कामाचे दिवस आहेत. ते काय खायचे, कुणावर चिडायचे, माझ्याबद्दल काय म्हणायचे, तुमच्या कुठल्या बोलण्याला हसायचे. तुम्हाला बडबडी म्हणत ना, तर लिहा. वाचताना माझा जीव जळणार, ते धरूनच चाला. पण तेवढ्यासाठी काही गाळू नका आणि सौम्य करू नका. गाळलेलं मला कळतं.

पाकीट जाड झालं तर तिकिटं जास्त लावा, परत जाता कामा नये.

तुमची वहिनी